घरी बांधलेल्या कंपोझिट विमानाची लांबी आणि घासाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला आडगावच्या पुढे, ओझरकडे जाताना आमची पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही दोघं भाऊ आणि एक मित्र मिळून दोन आसनी कॅनार्ड विमान, म्हणजे मुख्य पंखाच्या पुढे नाकाजवळ आणखी एक छोटा पंख असलेलं, बांधतो आहोत. आत फोमचा गाभा, वर काचेचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे हार्डनर घातला की कडक होणारं रेझिन. रविवारी लोक बघायला येतात. येतात इंजिन बघायला, आणि थांबतात पंखापाशी, कारण तिथे कुणीतरी पांढरं तोंड करून फळीने पंख घासत असतं. मग एकेक प्रश्न सुरू होतो. सुतार विचारतात, गॅरेजवाले विचारतात, इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, आणि आता स्वतः बांधायला घेतलेले दोघं-तिघंही विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवलं आहे. लांबी भरायची म्हणजे घासण्याआधी पृष्ठभागावरचे खळगे लगद्याने बुजवायचे.

मुळात लांबी भरायची गरजच काय? कापड नीट बसवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत येत नाही का?

साच्यात बनवलेल्या विमानाचा पृष्ठभाग साच्यातूनच गुळगुळीत निघतो. तिथे फक्त जोडांवर काम करावं लागतं. आमचं विमान साच्याविना बांधलेलं आहे. अमेरिकेतल्या बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये उडालेल्या व्हेरीईझने आणि १९७९ च्या लाँग-ईझने ही पद्धत घराघरांत नेली. तापलेल्या तारेने फोम कापायचा, त्यावर कापड अंथरायचं, रेझिन मुरवायचं, झालं. साचा लागत नाही म्हणून एकच विमान बांधणाऱ्या माणसाला ती परवडते. मात्र कापडाची वरची बाजू उघडीच राहते. विणीची खरखर दिसते, जिथे एक थर संपतो तिथे पायरी राहते, आणि फोम कापताना तार जिथे क्षणभर रेंगाळली तिथला खळगा कापडाखालीही तसाच उतरतो. साच्याने जे केलं असतं ते इथे हाताने करायचं असतं.

ओझरला एचएएलमध्ये असंच करतात का?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. एचएएल म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी. तिचा इथला कारखाना १९६४ चा. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं तिथे जोडली गेली. ती मुख्यतः धातूची. पत्रा आकार देऊनच येतो आणि रिव्हेटने बसतो, त्यामुळे त्याचं पृष्ठभागाचं शास्त्र वेगळं. आमच्याकडे येणारे एचएएलचे निवृत्त काका लोक एक गोष्ट मात्र हमखास करतात. डोळे मिटून पंखावरून तळवा फिरवतात. ती सवय धातूला आणि काचेला सारखीच लागू आहे.

लांबी कशाची? दुकानातली पुट्टी का नाही?

इपॉक्सी रेझिनमध्ये काचेचे सूक्ष्म पोकळ फुगे कालवून लांबी करतात. आम्ही तिला ‘मायक्रो’ म्हणतो. पांढरी पावडर इतकी हलकी असते की डब्याचं झाकण उघडताना श्वास रोखावा लागतो.

गाडीची लांबी पॉलिएस्टरची असते. गॅरेजमध्ये ती पंधरा मिनिटांत सुकते म्हणून मोह होतो. पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही, सुकल्यावरही काही काळ आकसत राहते, आणि मायक्रोपेक्षा बरीच जड असते. तिच्यातलं स्टायरीन पॉलिस्टायरीन फोमला खातं. एखाद्या छिद्रातून आत झिरपलं तर कापडाखाली पोकळी झालेली बाहेरून कळणारही नाही. पंखावर ती वापरूच नका. भिंतीची पुट्टी तर विषयातच नको.

मायक्रो किती घट्ट कालवायचा?

कामाप्रमाणे तीन प्रकार. रेझिन आणि पावडर आकारमानाने साधारण निम्मे-निम्मे घेतले की धिरड्याच्या पिठासारखी पातळ स्लरी होते. रेझिनच्या दोन ते चार पट पावडर घातली की ओला मायक्रो. पाच पट किंवा त्याहून जास्त घातली की सुका मायक्रो, आणि लांबीसाठी लागतो तो हाच. बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का कसा दिसतो, तसा तो दिसायला हवा. काडी वर उचलली की टोक उभं राहतं, वाकत नाही, आणि चकाकीही दिसत नाही. चकाकत असेल तर रेझिन जास्त आहे. तो सुकल्यावर दगडासारखा कडक होईल आणि वजन वाढेल ते वेगळंच.

क्रम चुकवू नका. आधी रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून घ्या, भांड्याच्या कडा-तळ खरवडत दोन मिनिटं पूर्ण ढवळा, आणि मगच पावडर टाका. पावडर पडल्यावर आत न मिसळलेलं रेझिन दिसत नाही, आणि तो चिकट ठिपका कधीच सुकत नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालायची कल्पना गॅरेजमधून येते. पॉलिएस्टरमध्ये ती काही मर्यादेत चालते. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. जास्तीचा हार्डनर मोकळाच राहतो आणि थर कायमचा कच्चा राहतो.

फ्लॉक्स वापरला तर जास्त मजबूत होणार नाही का?

फ्लॉक्स म्हणजे कापसाच्या तंतूंचा चुरा. कोपऱ्यांत, जोडांत, जिथे ताण येतो तिथे तो लागतो. पृष्ठभागावर लावलात तर घासताना हात मोडतील, आणि शेजारची मऊ जागा खोल जाईल पण फ्लॉक्सचं टेंगूळ तसंच राहील.

लांबी भरण्याआधी काय तपासायचं?

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण लांबी भरली की खालचं सगळं कायमचं झाकलं जातं.

रेझिन मुरलेलं काचेचं कापड अर्धपारदर्शक असतं. त्यातून फोम दिसतो, आणि कुठे हवा अडकली असेल तर तिथे पांढुरका डाग दिसतो. हातात दिवा घेऊन पंखाचा इंच न् इंच बघा. डाग दिसला तर पेनाने गोल करा. रुपयाच्या नाण्याने टकटक करा. चांगल्या जागी टणक, एकसारखा आवाज येतो. सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो, मडकं तडकलं असेल तसा. लहान बुडबुडा असेल तर छोटं छिद्र पाडून रेझिन सोडता येतं. मोठा असेल तर प्लॅनमध्ये दुरुस्तीची पद्धत दिलेली असते, ती करा. लांबीला स्वतःची ताकद जवळपास नसते. विमानाला आकाशात धरून ठेवतं ते कापड. कापडातला दोष लांबीखाली लपवणं म्हणजे स्वतःपासून लपवणं आहे, आणि आत बसणारा माणूसही तुम्हीच असणार आहात.

प्रत्येक भागाचे फोटो लांबी भरण्याआधीच काढा, तारखेसह. पुढे तपासणीला कुणी आलं तर दाखवायला तेवढंच हाताशी असेल.

पृष्ठभाग तयार कसा करायचा?

ज्या भागावर पील प्लाय, म्हणजे न चिकटणारं नायलॉनचं कापड, लावून सुकवलं असेल तिथे ते ओढून काढा. खाली बारीक खरखरीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. आम्ही पुढे सगळीकडे पील प्लाय लावायला लागलो, आणि तेवढ्यानेच लांबीचं काम बरंच कमी झालं. जिथे लावलं नव्हतं तिथे ८० नंबरच्या पेपरने फक्त चकाकी मारा. विणीचे उंचवटे घासून सपाट करायचा प्रयत्न नको. ते उंचवटे म्हणजे कापडाचे तंतूच आहेत.

नाशिकच्या हवेत हे काम कधी करावं?

थंडी ओसरत असताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पावसाळा संपून हवा कोरडी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. बाकी वेळी हवा अडवते, आणि प्रत्येक मोसमात वेगळ्या कारणाने.

पावसाळ्यात ओलावा. बऱ्याच हार्डनरमधली अमाइन हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून सुकत्या थरावर मेणचट पापुद्रा आणतात. बोटाला तो जरा तेलकट लागतो. आमच्या पहिल्याच श्रावणात आम्ही डाव्या पंखावर मायक्रोचा थर दिला, दुसऱ्या दिवशी न धुताच घासला आणि वर दुसरा थर दिला. पंधरा दिवसांनी पत्ती लावली तर दुसरा थर कांद्याच्या सालीसारखा निघून आला. उपाय साधा होता. हा पापुद्रा पाण्यात विरघळतो. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन धुवायचं, पुसून कोरडं करायचं आणि मगच घासायचं. आधी घासलं तर तो मेणचटपणा ओरखड्यांत आत रगडला जातो. थिनरने तो नीट जात नाही, फक्त पसरतो.

हिवाळ्यात थंडी. निफाडला पारा एक आकडी झाला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, आणि आमची शेड काही फार लांब नाही. पंधरा-सोळा अंशांच्या खाली बहुतेक इपॉक्सी सुकायचं विसरतात. रेझिन मधासारखं घट्ट होतं आणि ढवळताना हवा जास्त अडकते. रेझिनचा डबा कोमट पाण्यात उभा ठेवा, आणि पंखावर ताडपत्रीचा तंबू करून आत बल्ब लावा. उघडी शेगडी आत नको. धूर, काजळी आणि ओलावा तिन्ही येतात, शिवाय जाळाची भीती.

उन्हाळ्यात उलटंच. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. वीस अंशांना अर्धा तास चालणारा कालवा एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली दहा मिनिटांतही आखडतो. त्यात फुगे उष्णता अडवतात, म्हणून मायक्रोचा गोळा आतून आणखी तापतो. खोल डब्यात ठेवलेला कालवा धुरावलेला मी पाहिला आहे. कालवून झाला की लगेच पसरट ताटात काढा, थोडाथोडा करा, आणि पहाटे सहाला सुरुवात करा.

ठिगळं लावत जायचं की सगळा पंख एकदम?

एकदम. आम्ही आधी खळग्यांपुरती ठिगळं लावली आणि पस्तावलो. प्रत्येक ठिगळाला कड असते. ती घासताना तुम्ही शेजारची काच घासता, मग तिथे नवा खळगा होतो, मग नवं ठिगळ. वर्षभर हेच चालू शकतं. शिवाय वेगवेगळ्या दिवशीचा कालवा वेगवेगळा कडक होतो, आणि फळी मऊ जागा जास्त खाते.

आता पंखाच्या एका बाजूला तिघं मिळून बसतो. एकजण कालवतो, एकजण लावतो, एकजण ओढतो. आधी रेझिनचा अगदी पातळ हात, विणीत मुरेल आणि वर चमक राहणार नाही इतकाच. त्यावर लगेच सुका मायक्रो. तो दाबून लावायचा, म्हणजे हवा निघून जाते, आणि मग गवंडी प्लास्टरवर पाटा मारतो तसा लांब पाटा पंखाच्या लांबीच्या दिशेने धरून ओढायचा. हवा तेवढा थर, आणि घासायला मिलिमीटरभर वर. एक बाजू एका बैठकीत संपली पाहिजे.

फळी कशी असावी आणि कशी धरावी?

इथेच पंख सरळ होतो किंवा बिघडतो.

आमची मुख्य फळी मीटरभर लांब ॲल्युमिनिअमच्या चौकोनी सेक्शनची आहे. ती सरळ आहे याची खात्री काचेच्या टेबलावर ठेवून करा. तळाला ४० नंबरचा पेपर चिकटवा, आणि पुढच्या पायऱ्यांसाठी ८०, १२०, २२० च्या वेगळ्या फळ्या करा. हातात मावणारा लाकडी ठोकळा खळग्यात उतरतो आणि खळगा आणखी गुळगुळीत करून ठेवतो. लांब फळी खळग्यावरून जाते, फक्त उंच जागेला लागते. सगळी युक्ती एवढीच.

आता धरायची कशी. पंखाचा छेद वळणदार आहे, पण मुळापासून टोकापर्यंत, रुंदीच्या ठरावीक टक्क्यावर रेघ मारली तर ती सरळ असते. फोम कापतानाही तार मुळाच्या आणि टोकाच्या टेम्पलेटवरच्या, म्हणजे छेदाच्या नमुन्यावरच्या, त्याच क्रमांकांवरून एकाच वेळी जाते, तेव्हा ती रेघ तिथूनच आलेली. म्हणून फळी पंखाच्या लांबीला समांतर, त्या रेघेवर ठेवा. ती पूर्ण टेकते. आडवी धरलीत तर वळणावर झुलते आणि कडांनी चर पाडते. फळी लांबीला समांतर ठेवून हालचाल तिरपी करा, एकदा उजव्या तिरकस, एकदा डाव्या तिरकस. दाब द्यायचा नाही. पेपर बोथट झाला म्हणून माणूस दाबतो, आणि दाबलं की पंखाची पातळ जागा लवते, हात काढला की वर येते, आणि तिथे खळगा राहतो. पेपर बदला. पेपर स्वस्त आहे.

पुढच्या धारेला सपाट फळी चालत नाही. पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याच्या आत पेपर चिकटवला की धारेवर बसतो. तिथे घाई नको, आणि छेदाचा टेम्पलेट लावून पुन्हापुन्हा बघा.

खळगा कुठे आहे हे कळतं कसं?

शिसपेन्सिलीने सगळीकडे रेघोट्या मारा, किंवा लांबून काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा. दोन-चार हात फिरवा. रेघोट्या जिथे पुसल्या तो उंचवटा, जिथे राहिल्या तो खळगा. दिवसाउजेडी पंख सपाटच दिसतो. रात्री शेडमधले सगळे दिवे घालवा आणि एकच ट्यूब पंखाच्या टोकाशी जमिनीलगत ठेवा. आडव्या उजेडात प्रत्येक लाट सावली टाकते. मी पहिल्यांदा हे बघितलं त्या रात्री जेवायला घरी गेलो नाही.

घासणं थांबवायचं कधी?

पहिल्यांदा विणीची छटा दिसली की. मायक्रो पांढरा असतो. खाली कापडाची जाळी धूसर हिरवट दिसायला लागली की त्या जागी हात उचला. ती जागा म्हणजे सगळ्यात उंच बिंदू. आता बाकीचा पृष्ठभाग तिच्यापर्यंत वर आणायचा, तिला खाली न्यायचं नाही.

दादा, चुकून काच घासली गेली. आता?

आधी शांतपणे बघा किती गेली. विणीचा वरचा कणाच जरा चपटा झाला असेल आणि तंतू तुटलेले नसतील तर ती खूण करून पुढे जा. तंतू तुटले असतील, पांढरे केस उभे राहिले असतील, तर तो थर तिथे कामाचा राहिला नाही. पंखाच्या कापडात मोजकेच थर असतात, त्यातला एक जाणं लहान गोष्ट नाही. प्लॅनमधल्या प्रमाणे ठरलेल्या ओव्हरलॅपचं ठिगळ कापडाचंच लावा, त्याच दिशेच्या विणीचं. पंखाच्या मुख्य कण्यावर, स्पार कॅपवर, तर पेपर लागताच कामा नये. त्या पट्ट्या आम्ही घासायच्या आधी लाल टेपने आखून घेतो आणि तिथे फळी एकट्याने चालवायची नाही असा नियम केला आहे.

मशीनने घासलं तर लवकर होईल ना?

होईल, आणि पंख लाटांचा होईल. मऊ मायक्रो मशीन भसकन खातं आणि कडक काचेवर अडतं. दोघांच्या सीमेवर मग पायरी पडते. जाड गोळे उतरवायला आम्ही एकदा वापरलं, आकार देण्यासाठी कधीच नाही.

इतका सपाटपणा खरंच लागतो का, की फक्त दिसण्यासाठी?

पुढच्या भागात लागतो. या पंखांचे छेद असे निवडलेले असतात की हवा पुढच्या धारेपासून बराच वेळ शांत, थरांत वाहते. तिथे लाट किंवा पायरी आली की ती खवळते. सुरुवातीच्या लाँग-ईझच्या पुढच्या पंखाचा छेद पावसाने ओला झाला की उचल कमी करायचा आणि वैमानिकाला दांडा ओढून धरावा लागायचा. पुढे जॉन रॉन्झ यांनी नवा छेद दिला, तेव्हा हा त्रास गेला. पाण्याच्या थेंबांनी एवढं होतं, तर बोटाला जाणवणाऱ्या लाटेने काय होईल ते सांगायला नको.

म्हणून मेहनत पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात जास्त घाला, वरच्या बाजूला जास्त. पोटाखाली आणि मागच्या बाजूला थोडं सोडून दिलं तरी चालतं. आणि डावं-उजवं सारखं ठेवा. एका पंखावर जाड थर आणि दुसऱ्यावर पातळ झाला तर विमान एका बाजूला कलतं.

वजन किती वाढतं?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे एक लिटर. लाँग-ईझच्या मुख्य पंखाचं क्षेत्रफळ साधारण ७.६ चौरस मीटर. वर-खाली धरून पंधराच्या आसपास. म्हणजे सरासरी एक मिलिमीटर थर राहिला तर पंधरा लिटर. सुका मायक्रो पाण्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, म्हणजे सात-आठ किलो. तेच निव्वळ रेझिन असतं तर सतरा किलो. ज्या विमानाचं रिकामं वजनच सुमारे ३२२ किलो आहे त्याला हा फरक कळतो. धाव लांबते, चढण मंदावते, एखादी पिशवी घरी ठेवावी लागते.

आम्ही भिंतीवर दोन रकाने केले आहेत. प्रत्येक कालव्याचं वजन एका बाजूला, आणि व्हॅक्यूम क्लीनरमधल्या भुकटीचं वजन दुसऱ्या बाजूला. वजाबाकी म्हणजे पंखावर राहिलेलं. तुमचा मायक्रो किती हलका झाला हे बघायला छोट्या मोजलेल्या डबीत तो ओता, सुकू द्या आणि तोला.

एलेरॉन आणि एलिव्हेटरलाही असंच करायचं?

इथे थांबा आणि हे नीट वाचा. एलेरॉन विमान डावी-उजवीकडे कलवतं, एलिव्हेटर नाक वर-खाली करतं. या हलणाऱ्या भागांचा तोल बिजागरीभोवती ठरवलेला असतो. बिजागरीच्या मागे लांबी आणि रंग चढला की मागची बाजू जड होते, आणि ठरावीक वेगाला तो भाग फडफडायला लागू शकतो. त्याला फ्लटर म्हणतात आणि तो काही सेकंदांत भाग उखडून टाकू शकतो. या भागांवर लांबी जितकी कमी तितकी बरी. तोल रंग दिल्यानंतर पुन्हा मोजायचा, प्लॅनमध्ये सांगितलेल्या पद्धतीने, सुटा टांगून. रंगाआधी मोजलेला तोल धरायचा नाही. आमचा एक एलिव्हेटर रंगानंतर मर्यादेबाहेर गेला. आम्ही रंग काढला, मायक्रो उतरवला आणि पुन्हा केला. तीन आठवडे गेले.

घासून झालं, पण सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. प्रायमरने बुजतील?

नाही. प्रायमर छिद्रावर पापुद्रा धरतो, आतली हवा उन्हात फुगते आणि तोंड उघडतं. ही छिद्रं म्हणजे कालवताना अडकलेली हवा. हार्डनर घातलेलं निव्वळ रेझिन घ्या, पावडर न मिसळता, आणि जुन्या एटीएम कार्डाने घट्ट ओढत पृष्ठभागावर फिरवा. छिद्रांत भरेल, वर जवळपास काहीच राहणार नाही. जरा चिकट झालं की पुन्हा. असे चार-पाच हात. सुकल्यावर धुवा, २२० आणि मग ३२० नंबरने हलकं घासा. वेळ जातो, पण पुढे प्रायमरचे थरामागून थर द्यावे लागत नाहीत, आणि प्रायमर जड असतो.

रंग निळा-काळा मस्त दिसेल ना?

पांढरा. खोलीच्या तापमानाला सुकलेली बहुतेक इपॉक्सी साठ ते ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि फोमलाही उष्णता सोसत नाही. मे महिन्यात उभ्या काळ्या गाडीच्या टपावर हात ठेवून बघा. नाव, नोंदणीची अक्षरं, बारीक पट्टे रंगीत चालतील. रंगाखाली अतिनील किरणं अडवणारा प्रायमर हवा, कारण उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडून खडूसारखी होते. आणि कापडाखाली तांब्याच्या पट्टीचा अँटेना पुरला असेल तर त्यावर धातूचे कण असलेला चमकीचा रंग देऊ नका, रेडिओ मुका होईल.

एक सल्ला रंगाच्याही आधीचा. शेवटचा हात देण्यापूर्वी बांधलेला पंख एक उन्हाळा शेडमध्ये तापू द्या, मुळापासून टोकापर्यंत आधार देऊन. रेझिन उष्णतेने अजून पिकतं आणि थोडं आकसतं. ते आधीच होऊन गेलं नाही तर रंगवल्यानंतर पहिल्या उन्हात विणीची जाळी वर उमटते.

अंगाला खाज येते, काय करू?

काचेची भुकटी आहे. घासताना चांगला रेस्पिरेटर लावा, रुमाल बांधून भागत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आणि आंघोळ आधी थंड पाण्याने करा. ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवू नका.

खाजेपेक्षा गंभीर आहे ओलं इपॉक्सी. काहींना महिनोन् महिने काही होत नाही आणि एका दिवशी हात सुजतात. मग आयुष्यभर त्या रेझिनजवळ जाता येत नाही. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. थिनर किंवा ॲसिटोनने पुसलंत तर ते रेझिनला कातडीतून आत नेतं.

सामान नाशिकमध्ये मिळतं?

पेपर, हातमोजे, मास्क, सेक्शन सगळं मिळतं. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत फायबरचं काम करणारे आहेत, पण त्यांच्याकडचं रेझिन बहुधा पॉलिएस्टर असतं. “रेझिन आहे का” असं विचारू नका, “इपॉक्सी कोणती” असं विचारा. रचनेसाठी प्लॅनमध्ये जे नाव आहे तेच. फुग्यांची पावडर ओल धरते. पिशवी हवाबंद ठेवा, आणि गुठळ्या झाल्या तर चाळून घ्या.

परवानगी मिळते का अशा विमानाला?

हे डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, क्षेत्र आहे आणि लांबीशी त्याचा संबंध नाही, पण विचारतात म्हणून. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी बघितलं, आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली. रस्ता लांब आहे. बांधायला घेण्याआधीच कागदपत्रांचं विचारून घ्या.

रंगावर केसाएवढी भेग दिसते आहे. घाबरायचं का?

घाबरू नका, पण उडवूही नका. आधी नाण्याने टकटक करा, भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर. आवाज बदलत असेल तर खालचं कापड सुटलं आहे असं धरून चाला. आवाज सारखा असेल तर २२० नंबरने भेगेभोवतीचा रंग आणि प्रायमर हलकेच उतरवा, मायक्रोपर्यंत. भेग तिथेच संपली तर ती रंगाची. मायक्रोतही गेली असेल तर तोही उतरवा, विणीची पहिली छटा दिसेपर्यंत, आणि भिंगाने बघा. कापड अखंड असेल तर भेग लांबीची आहे. थर जाड झाला असेल, किंवा दोन वेगळ्या कालव्यांची सीमा तिथे असेल. पुन्हा भरा. कापडावर पांढरी रेघ दिसली तर विमान शेडमध्येच राहू द्या, आणि ज्याने असं विमान आधी दुरुस्त केलं आहे अशा माणसाला बोलवून ती रेघ दाखवा.